हवाई हद्दीवरील निर्बंध : अधिकृत माहिती कोणती आणि ती कितपत पुरेशी?

मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यातील संघर्ष तीव्र झाला असताना उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद करण्यात आले. ही बंदी १५ मे रोजी पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत राहील, असे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात शस्त्रसंधीनंतर १२ मे रोजीच हे विमानतळ खुले झाले. मात्र ५ वाजून २९ मिनिटे ही वेळ अनेकांना चमत्कारिक वाटली असेल. तिच्यामागे कोणतेही लष्करी गणित नव्हते. हवाई वाहतुकीच्या अधिकृत सूचना जागतिक प्रमाणवेळेत दिल्या जातात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. जागतिक वेळेनुसार १४ मेचे शेवटचे मिनिट आपल्याकडे १५ मेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनी येते, एवढाच त्याचा अर्थ.

ज्या सूचनेद्वारे हे विमानतळ बंद झाले, तिला हवाई क्षेत्रात नोटॅम म्हणतात. २०२५ च्या उन्हाळ्यात हा शब्द सर्वसामान्य वाचकांच्याही परिचयाचा झाला. परंतु नोटॅम ही एका मोठ्या व्यवस्थेतील केवळ शेवटची कडी आहे. आकाशाचा कोणता भाग खुला आणि कोणता बंद, हे वैमानिकाने आणि विमान कंपनीच्या उड्डाण नियोजकाने कोणत्या कागदाच्या आधारे ठरवायचे, तो कागद कोण प्रसिद्ध करते आणि त्यावर किती विसंबून राहायचे, हे प्रश्न त्याहून मूलभूत आहेत. गेल्या दशकभरातील काही भीषण दुर्घटनांनी ते पुन्हा पुन्हा उपस्थित केले आहेत.

तीन प्रकारची क्षेत्रे

प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व असते, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात मान्य करण्यात आले आहे. याच कराराच्या नवव्या कलमानुसार लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी एखाद्या राष्ट्राला आपल्या हद्दीतील विशिष्ट भागांवरून उड्डाणास मनाई करता येते. परंतु त्यासाठी अटी आहेत. अशा क्षेत्रांचा विस्तार आणि त्यांचे स्थान वाजवी असावे, हवाई वाहतुकीत विनाकारण अडथळा येऊ नये, आणि या क्षेत्रांचे वर्णन इतर राष्ट्रांना तसेच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला, म्हणजेच इकाओला, लवकरात लवकर कळविण्यात यावे. मनाई करण्याचा अधिकार आणि ती जाहीर करण्याचे कर्तव्य अशा रीतीने एकाच कलमात बांधलेले आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

इकाओच्या नियमावलीत अशा क्षेत्रांचे तीन प्रकार सांगितले आहेत. निषिद्ध क्षेत्रात उड्डाणास पूर्ण बंदी असते. निर्बंधित क्षेत्रात ठरावीक अटी पाळून उड्डाण करता येते. अनेकदा ही अट वेळेची किंवा नियंत्रण कक्षाच्या परवानगीची असते. धोक्याच्या क्षेत्रात विशिष्ट वेळी विमानांना अपायकारक ठरू शकेल अशी एखादी कृती, उदाहरणार्थ तोफांचा किंवा क्षेपणास्त्रांचा सराव, चालू असू शकते. पहिले दोन प्रकार राष्ट्राची भूमी आणि प्रादेशिक सागर यांच्यावरच लागू होतात. खुल्या समुद्रावर कोणाचेही सार्वभौमत्व नसल्याने तेथे कोणतेही राष्ट्र मनाई करू शकत नाही, फक्त धोक्याचा इशारा देऊ शकते. बंगालच्या उपसागरातील क्षेपणास्त्र चाचण्यांच्या वेळी भारत जे क्षेत्र जाहीर करतो, त्याच्या दूरवर पसरलेल्या भागाचे कायदेशीर स्वरूप नेमके हेच असते. तरीही कोणतीही समंजस विमान कंपनी त्या वेळी त्या दिशेला फिरकत नाही, हा भाग वेगळा.

भारतातील अधिकृत दस्तऐवज

भारतात या माहितीचा मूळ आधार म्हणजे भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाकडून प्रसिद्ध होणारे वैमानिकी माहितीचे प्रकाशन. हवाई क्षेत्रात ते एआयपी या नावाने ओळखले जाते आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्याचे तीन भाग असतात : सर्वसाधारण माहिती, हवाई मार्ग आणि विमानतळ. मार्गविषयक भागातील पाचव्या प्रकरणात देशातील निषिद्ध, निर्बंधित आणि धोक्याच्या क्षेत्रांची यादी दिलेली असते. प्रत्येक क्षेत्राच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश किंवा वर्तुळाचा मध्यबिंदू आणि त्रिज्या, खालची व वरची उंची, लागू असण्याची वेळ, असा हा तपशील असतो. क्षेत्राच्या नावातही माहिती दडलेली असते. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार विभागांसाठी अनुक्रमे व्हीआय, व्हीए, व्हीई आणि व्हीओ ही अक्षरे, त्यानंतर प्रकार दर्शविणारे पी, आर किंवा डी हे अक्षर आणि मग क्रमांक, अशी ही रचना आहे.

ही यादी वाचताना राज्यसंस्थेला काय काय जपावेसे वाटते, याचा एक नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. राजधानीतील राष्ट्रपती भवनाचा परिसर त्यात आहे, अणुशक्तीशी संबंधित संस्था आहेत आणि मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाची दखमाही आहे. शेवटच्या नोंदीला संरक्षणाचे कोणतेही कारण नाही. एका छोट्या समाजाच्या अंत्यविधींचा मान राखण्यासाठी ही बंदी आहे आणि ती वसाहतकालीन नियमांमधून चालत आली आहे. मूळचा १९३४ चा विमान कायदा आता राहिलेला नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे.

एआयपी हा रोज बदलणारा दस्तऐवज नव्हे. त्यातील महत्त्वाचे बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रानुसार अमलात येतात. जगभर हे चक्र एकच आहे आणि त्याच्या तारखा आधीपासून निश्चित असतात. बदल अमलात येण्याच्या किमान २८ दिवस आधी त्याची माहिती वापरकर्त्यांच्या हाती पडावी, असा दंडक आहे. कारण ती माहिती पुढे विमानातील संगणकांच्या माहितीसंचात आणि नकाशांत भरावयाची असते. दीर्घकाळ टिकणाऱ्या परंतु तात्पुरत्या बदलांसाठी पुरवणी काढली जाते. जे अल्पकालीन आहे किंवा अचानक उद्भवले आहे, ते नोटॅमद्वारे कळविले जाते. आधीपासून ठरलेले क्षेत्र कार्यान्वित होणार असेल, तर आणीबाणीचा अपवाद वगळता किमान सात दिवसांची पूर्वसूचना द्यावी, असेही इकाओचा नियम सांगतो.

उड्डाण नियोजकाचे काम या थरांमधून चालते. पायाभूत चित्र एआयपीमधून मिळते, पुरवणी ते दुरुस्त करते, नोटॅम आजची स्थिती सांगतो आणि विमान हवेत गेल्यावर नियंत्रण कक्षाचा शब्द अखेरचा ठरतो. खासगी कंपन्यांचे नकाशे, संगणक प्रणाली आणि भ्रमणध्वनीवरील ॲप यांचा वापर आज सर्रास होतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ही सर्व साधने अधिकृत माहितीवरून तयार केलेली दुय्यम साधने आहेत. नकाशावर क्षेत्र दिसले नाही, ही सबब चौकशीत चालत नाही. अमेरिकेतही हीच स्थिती आहे. तेथे विशेष वापराच्या हवाई क्षेत्रांची कायदेशीर व्याख्या संघराज्याच्या नियमसंहितेच्या ७३ व्या भागात आहे आणि सर्व क्षेत्रांचे एकत्रित संकलन तेथील विमान वाहतूक प्रशासन एका स्वतंत्र आदेशाद्वारे प्रसिद्ध करते. छापील नकाशा हा त्या आदेशाचा केवळ चित्ररूप अनुवाद होय.

ड्रोन चालविणाऱ्यांसाठी मात्र भारताने निराळा मार्ग स्वीकारला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नवे ड्रोन नियम आले आणि सप्टेंबरमध्ये डिजिटल स्काय या मंचावर हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत विभागलेला देशाचा नकाशा उपलब्ध झाला. विमानतळांभोवतीच्या पिवळ्या पट्ट्याची मर्यादा ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर आणण्यात आली. शेतावर औषध फवारणी करणाऱ्या तरुणाला अक्षांश-रेखांशांची कोष्टके वाचता येतील, ही अपेक्षा अवास्तव होती. ती सोडून देण्यात आली हे योग्यच झाले. विमान वाहतुकीच्या जुन्या व्यवस्थेला अशी सुबोधता अद्याप साधलेली नाही.

सूचनांच्या गर्दीत हरवलेली सूचना

नोटॅमची भाषा तारायंत्राच्या काळातील आहे. रोमन मोठ्या लिपीतील अक्षरे, तोडलेले शब्द, पाच अक्षरी संकेत आणि अंकांच्या ओळी, असे तिचे रूप. एका लांब पल्ल्याच्या उड्डाणाच्या नियोजनात अशा सूचनांची कित्येक पाने वैमानिकाच्या हाती येतात. धावपट्टीजवळील क्रेनचा बंद पडलेला दिवा आणि मार्गावरील क्षेपणास्त्रांचा सराव या दोन्ही गोष्टी त्यात सारख्याच अक्षरांत, सारख्याच गांभीर्याने छापलेल्या असतात. त्यांतील महत्त्वाचे कोणते, हे शोधण्याचे ओझे वाचणाऱ्यावर पडते.

७ जुलै २०१७ रोजी सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर एअर कॅनडाचे एक विमान धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सी मार्गावर उतरण्याच्या बेतात होते. त्या मार्गावर प्रवाशांनी भरलेली चार विमाने उड्डाणाच्या प्रतीक्षेत उभी होती. वैमानिकाने अखेरच्या क्षणी विमान वर नेले आणि संभाव्य महाभयंकर अपघात टळला. शेजारची समांतर धावपट्टी त्या रात्री बंद होती आणि तिचे दिवे मालवलेले होते. ही माहिती नोटॅममध्ये होती. २७ पानांच्या संचातील आठव्या पानावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१८ मध्ये या प्रकरणाचा निष्कर्ष मांडताना नोटॅम व्यवस्थेवर कठोर शब्दांत टीका केली. ११ जानेवारी २०२३ रोजी तर अमेरिकेची नोटॅम यंत्रणाच कोलमडली आणि देशभरातील देशांतर्गत उड्डाणे काही काळ थांबवावी लागली. ज्या सूचना कोणी नीट वाचत नाही अशी तक्रार होती, त्यांच्यावाचून एकही विमान उडू शकत नाही, हेही त्या दिवशी सिद्ध झाले.

जाहीर झालेले आणि न झालेले धोके

याहून गंभीर प्रश्न निराळा आहे. अधिकृत दस्तऐवज एखाद्या राष्ट्राने कोठे मनाई केली आहे ते सांगतो. जेथे मनाई नाही तेथे सुरक्षितता आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. व्यवहारात मात्र तोच अर्थ घेतला जात होता.

१७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरकडे निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जणांचा मृत्यू झाला. युक्रेनने त्या भागावर निर्बंध घातले नव्हते असे नाही. जूनमध्ये २६ हजार फुटांपर्यंतचे आणि १४ जुलै रोजी, एक लष्करी मालवाहू विमान पाडले गेल्यानंतर, ३२ हजार फुटांपर्यंतचे आकाश नागरी विमानांसाठी बंद करण्यात आले होते. मलेशियाचे विमान ३३ हजार फुटांवर होते. नियमानुसार ते पूर्णपणे खुल्या आकाशातून जात होते. बंद हद्दीपासून त्याचे अंतर केवळ १ हजार फूट होते. त्या दिवशी हवाई हद्द पूर्णपणे बंद होईपर्यंत सुमारे १६० नागरी विमाने त्या भागावरून गेली. दुर्घटनेच्या वेळी एअर इंडियाचे एक विमानही जवळच होते.

डच सुरक्षा मंडळाने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात युक्रेनकडे आपली हवाई हद्द पूर्णतः बंद करण्यास पुरेशी कारणे होती, असा निष्कर्ष काढला. पण मंडळाने विमान कंपन्यांनाही सोडले नाही. हद्द खुली आहे म्हणजे ती निर्धोक आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. ज्या उंचीवरचा निर्बंध तीन दिवसांपूर्वी ६ हजार फुटांनी वर सरकला, तो का सरकला हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. नोटॅममध्ये उंची लिहिलेली असते. भीतीचे कारण लिहिलेच पाहिजे असे नाही.

८ जानेवारी २०२० च्या पहाटे याचीच पुनरावृत्ती तेहरानमध्ये झाली. इराणने इराकमधील अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रे डागली होती आणि प्रत्युत्तराच्या धास्तीने त्याची हवाई संरक्षण दले सज्ज होती. अमेरिकेने आपल्या कंपन्यांना त्या भागात उड्डाणास मनाई करणारे नोटॅम काही तास आधीच जारी केले होते. इराणने मात्र आपली हद्द बंद केली नाही. युक्रेन इंटरनॅशनल एअरलाइन्सच्या विमानाने उड्डाण केले आणि काही मिनिटांतच इराणच्याच क्षेपणास्त्रांनी ते पाडले. १७६ जण मृत्युमुखी पडले.

यामागील कारण समजणे अवघड नाही. हद्द बंद करणे म्हणजे आपला तिच्यावर ताबा राहिलेला नाही अशी कबुली देणे, आणि शिवाय परदेशी विमानांकडून मिळणाऱ्या मार्ग शुल्कावर पाणी सोडणे. जे राष्ट्र संघर्षात गुंतलेले आहे, त्याच्याकडूनच अशा कबुलीची अपेक्षा ही व्यवस्था करते. म्हणूनच २०१४ नंतर अनेक देशांनी आपापल्या कंपन्यांना परकीय हद्दींविषयी स्वतंत्र सल्ला देण्यास सुरुवात केली. जून २०१९ मध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही भारतीय कंपन्यांशी विचारविनिमय करून इराणच्या हद्दीचा धोक्याचा भाग टाळण्याचा निर्णय घेतला होता. आज कोणत्याही जबाबदार कंपनीचा नियोजक एआयपी आणि नोटॅम यांच्या जोडीला हे सल्लेही वाचतो. त्यांना मूळ दस्तऐवजाचे कायदेशीर स्थान नाही. पण पुष्कळदा अधिक खरे तेच सांगतात.

शेजारचे बंद आकाश

भारतापुरते पाहिले, तर अलीकडच्या काळात नोटॅम हे परराष्ट्र धोरणाचे एक साधन बनले आहे. बालाकोटवरील कारवाईनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हद्द बंद केली आणि ती पूर्ववत खुली होण्यास १६ जुलै उजाडला. या काळात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. दिल्ली–इस्तंबूल मार्गावरील इंडिगोच्या विमानांना इंधन भरण्यासाठी दोह्यात थांबावे लागत असे.

पहलगाममधील हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली. भारताने ३० एप्रिल रोजी त्याला तसेच उत्तर दिले. त्यानंतर दोन्ही बाजूंनी एकेका महिन्याची मुदतवाढ देणारे नोटॅम निघत राहिले. बंदी वर्षभर टिकल्यास सुमारे ६० कोटी डॉलरचा भार पडेल, असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळविला होता. पाकिस्तानलाही २४ एप्रिल ते ३० जून या काळात सुमारे ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांच्या मार्ग शुल्कावर पाणी सोडावे लागल्याचे तेथील संसदेत सांगण्यात आले. हद्द सर्वांना नव्हे तर एका राष्ट्राच्या विमानांपुरती बंद करणे, हे शिकागो कराराच्या नवव्या कलमातील भेदभाव न करण्याच्या तत्त्वाशी कसे जुळते, हा प्रश्न दोन्ही राजधान्यांत फारसा विचारला गेला नाही. राष्ट्रहिताच्या प्रसंगी तो विचारला जाईल, अशी अपेक्षाही नसावी.

पैशाचे नुकसान मोजता येते. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या इंडिगोच्या विमानातील दोनशेहून अधिक प्रवाशांनी या बंद आकाशाचा दुसरा अर्थ अनुभवला. पठाणकोटजवळ ३६ हजार फुटांवर हे विमान गारपिटीच्या वादळासमोर आले. महासंचालनालयाने दिलेल्या माहितीनुसार, वैमानिकांनी डावीकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमेच्या बाजूला, वळण्याची परवानगी हवाई दलाच्या उत्तर नियंत्रण कक्षाकडे मागितली. ती मिळाली नाही. मग त्यांनी लाहोरशी संपर्क साधला. तेथूनही नकार आला. मागे फिरण्याचा प्रयत्न केला, तोवर ढग अगदी जवळ आले होते. अखेर विमान वादळातून पार नेण्यात आले. त्याचे नाक गारांनी फुटले, एका टप्प्यावर ते मिनिटाला ८ हजार ५०० फूट या वेगाने खाली येत होते, आणि तरीही ते श्रीनगरला सुखरूप उतरले.

प्राणावर बेतले असता नियम बाजूला ठेवण्याचा अधिकार वैमानिकाला इकाओच्या नियमांनीच दिलेला आहे. पण दोन आठवड्यांपूर्वी जेथे युद्धसदृश स्थिती होती, त्या सीमेपलीकडे तो अधिकार बजावण्याचे धाडस कोण करील? एका बाजूला वादळ आणि दुसऱ्या बाजूला हवाई संरक्षण यंत्रणा, यांत वैमानिकांनी वादळाची निवड केली.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ कोसळले. अपघात असल्याने त्यासाठी कोणताही नोटॅम असण्याचा प्रश्नच नव्हता. पाकिस्तानने त्या वेळी आपल्या आकाशातील प्रवासी विमानांना निर्माण झालेल्या धोक्याकडे लक्ष वेधले. भारताने खेद व्यक्त केला आणि पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढण्यात आले. क्षेपणास्त्र चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा द्विपक्षीय करार आणि बंगालच्या उपसागरासाठी निघणारे नोटॅम यांचे मोल अशा प्रसंगी कळते.

आपल्याच आकाशातील अडचण

शेजाऱ्याने बंद केलेल्या आकाशाची चर्चा पुष्कळ होते. आपण स्वतः राखून ठेवलेल्या आकाशाची फारशी होत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग आणि कझाकस्तानचे इल्यूशिन यांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमान नेमून दिलेल्या १५ हजार फुटांच्या खाली उतरले, हे या अपघाताचे कारण ठरले. परंतु येणारी आणि जाणारी विमाने एकाच अरुंद मार्गावर समोरासमोर का होती, याचे उत्तर दिल्लीभोवतीच्या आकाशाच्या वाटणीत होते. त्यातील मोठा भाग हवाई दलासाठी राखीव होता. या अपघातानंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे करण्यात आले.

मे २०२० मध्ये तत्कालीन आर्थिक उपाययोजना जाहीर करताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी देशाच्या हवाई हद्दीपैकी केवळ ६० टक्के भाग नागरी विमानांना मुक्तपणे उपलब्ध असल्याचे सांगितले होते. निर्बंध शिथिल केल्यास विमान वाहतूक क्षेत्राचा वर्षाला सुमारे १ हजार कोटी रुपयांचा लाभ होईल, असा सरकारचा अंदाज होता. आकाश कायमचे वाटून न टाकता गरजेनुसार लष्कर आणि नागरी वाहतूक यांनी आळीपाळीने वापरावे, ही लवचिक वापराची कल्पना त्यामागे आहे. लष्कराचा सराव नसेल त्या वेळी राखीव क्षेत्रातून जाणारे सशर्त मार्ग खुले केले जातात आणि विमान सरळ जाऊन इंधन वाचते.

या दिशेने काम झाले आहे, ते नाकारता येणार नाही. मात्र या कल्पनेचे यश पूर्णपणे माहितीच्या गतीवर अवलंबून आहे. क्षेत्र दुपारी दोन वाजता मोकळे झाले आणि नियोजकाला ते चार वाजता कळले, तर विमानात जादा इंधन भरून झालेले असते आणि लांबचा मार्ग धरलेला असतो. २८ दिवसांचे चक्र आणि सात दिवसांची पूर्वसूचना ही बंदी जाहीर करण्यासाठी उत्तम साधने आहेत. बंदी उठल्याची वार्ता मिनिटांत पोहोचवण्यासाठी ती घडविलेलीच नाहीत.

महाराष्ट्र आणि गोव्यातील प्रवाशांना या वाटणीचा अनुभव आहे. पुण्याचे लोहगाव हे मुळात हवाई दलाचे केंद्र आहे. तेथील धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये नागरी उड्डाणे १४ दिवस पूर्णपणे बंद होती. दाबोळीची धावपट्टी नौदलाची आहे आणि आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्याची तेथील पद्धत गोव्याच्या पर्यटनाला वर्षानुवर्षे जाचक वाटत आली. मोपा येथे दुसरा विमानतळ उभारण्यामागच्या कारणांत हेही एक होते; तेथून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली. संरक्षण दलांना सराव हवा, हे कोणीही अमान्य करणार नाही. पण किती आकाश, किती वेळ आणि त्यापैकी प्रत्यक्ष वापर किती, हे विचारण्याने संरक्षण दुबळे होत नाही.

अमेरिकेत निर्बंधित क्षेत्र वापरणाऱ्या लष्करी विभागाने वर्षभरात ते किती दिवस, किती तास प्रत्यक्ष वापरले, याचा अहवाल नागरी विमान वाहतूक प्रशासनाला दरवर्षी द्यावा लागतो. वापर कमी असेल, तर क्षेत्राचा आकार किंवा त्याची वेळ यांचा फेरविचार करण्यासाठी तो आधार ठरतो. आपल्याकडेही अशी आकडेवारी संसदेपुढे दरवर्षी ठेवता येईल. क्षेत्रांचे अक्षांश-रेखांश आणि उंची एआयपीमध्ये आधीच जाहीर आहेत. त्यांच्या जोडीला वापराच्या तासांचा एक रकाना वाढविल्याने कोणतेही गुपित फुटणार नाही. सरकारने २०२० मध्ये सांगितलेल्या १ हजार कोटींपैकी किती वाचले, हेही मग त्याच कोष्टकावरून तपासता येईल.